गुरुवारची सही

आधी ती बरणी डोळ्यांसमोर आणा. लिंबाच्या लोणच्याची, प्लास्टिकची, लाल झाकणाची. आत इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया आणि बाहेर चिकटवलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर जांभळ्या स्केचपेननं काढलेली सुई, तिला दोन रागीट डोळे, चक्क मिश्या, आणि खाली एकेक अक्षर गिरवत लिहिलेलं: 'सुया आहेत. हात लावू नका.' सुईला मिश्या कशाला गं, असं विचारलं की दहा वर्षांची इरा म्हणायची, "बिकॉज ती अँग्री अंकल आहे."

अशा पन्नासेक चिठ्ठ्या इरानं बनवल्या होत्या, आणि त्या मस्कतच्या दार्सैत भागातल्या निम्म्या मराठी घरांत पोचल्या होत्या. पोचवल्या अस्मितानं. दर गुरुवारी सकाळी सातला ती चाकांची निळी बॅग खडखड ओढत निघायची. देवळापासून सुरुवात, मग उतारावरच्या पाच इमारती, सव्वीस घरं. भरलेली बरणी घ्यायची, रिकामी द्यायची. लोक तिला सुईवालीच म्हणायला लागले होते.

त्या गुरुवारीही दयानंद आजोबा दारातच उभे. मुलाकडे राहायला आलेले, सत्तरीचे, मधुमेहाचे जुने मानकरी.

"आली का सुईवाली! घे बाई, हे माझे आठवड्याचे चौदा गुन्हे."

"आजोबा, देवळात परवा जिलेबी खाल्लीत म्हणे?"

"प्रसाद होता तो. प्रसादात साखर धरत नाहीत." मग बरणी देता देता ते म्हणाले, "बरं, मला एक सांग. पुढे जातात कुठे गं या?"

"गाडी येते आजोबा. सरकारमान्य कंपनीची. पिवळ्या पिशव्यांत सील करून नेतात आणि भट्टीत जाळतात. पार राख."

"तू बघितलीस भट्टी?"

"भट्टी नाही बघितली. पण दर गुरुवारी सही करते ना मी."

"मग झालं तर," आजोबा म्हणाले आणि दार लावून घेतलं.

झालं तर. पुढे जे सगळं घडलं ना, ते या दोन शब्दांवर घडलं.

अस्मिता सव्वीस वर्षांची. बाबा मस्कतला शिरीषकाकांच्या क्लिनिकमध्ये लॅब सांभाळायचे. दोघं एकाच विमानानं तीस वर्षांपूर्वी आलेले, एका खोलीत राहिलेले, एका तव्यावर पोळ्या भाजायला शिकलेले. बाबा गेले तेव्हा अस्मिता पुण्यात शेवटच्या वर्षाला होती. तेराव्याला शिरीषकाका आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "परीक्षा दे आणि ये. तुझं टेबल तयार आहे." आणि खरंच होतं. व्हिसा, नोकरी, राहायला काकांच्याच घरातली मागची खोली. क्लिनिकची सगळी रजिस्टरं तिच्याकडे. विद्याकाकू तिला स्वतःच्या इराच्या आधी वाढायच्या. आता अशा माणसाला काका नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

सुयांची कल्पना तिचीच. इमारतीच्या लिफ्टमध्ये कुणाच्या तरी कचऱ्याच्या पिशवीतून सुई बाहेर आलेली तिनं पाहिली आणि धावत काकांकडे गेली. काकांना कल्पना अशी आवडली की गेल्या वर्षीच्या गणपतीत मंडळाच्या स्टेजवर त्यांनी तिला बोलावलं, शाल पांघरली, आणि माइकवर सांगितलं, "तुमच्या घरातली प्रत्येक सुई ही आमची जबाबदारी." टाळ्या काय वाजल्या! तो फोटो क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये लावलेला आहे. फोटोत अस्मिता काकांकडे बघतेय, कॅमेऱ्याकडे नाही.

आणि आता त्या सहीची गंमत ऐका. कचऱ्याचं एक रजिस्टर असतं. तारीख, पिवळ्या पिशव्या किती, गाडीत दिल्या का, सही. गाडी यायची पहाटे पाचला. पहिल्या महिन्यात अस्मिता अलार्म लावून उठायची. मग काकाच म्हणाले, "कशाला झोपमोड करतेस? मी तसाही फिरायला जातो, मी बघतो." आणि गुरुवारी दहा वाजता ते तिच्या टेबलाशी यायचे, रजिस्टरवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "सही करून टाक गं." ती करायची.

गाडीवाला पावती देतो. नियमानं ती पावती बघून मग सही करायची असते. पण तुम्हीच सांगा, ज्यांच्या घरात राहतो, ज्यांच्या पानावर रोज बसतो, त्यांना म्हणायचं, "काका, आधी पावती दाखवा"? आपल्यात मागतच नाहीत असं काही. मागणाऱ्याचीच जीभ अडखळते. ज्याला विचारतो त्याचा अपमान, आणि न विचारणं म्हणजे विश्वास. हे आपण पुण्याहून, रत्नागिरीहून, कुठून कुठून उचलून थेट मस्कतपर्यंत घेऊन आलोय, आणि कस्टमवाल्यांनीही कधी बॅग उघडून बघितलं नाही.

क्लिनिकमध्ये गुरुवार म्हणजे जेवणाचा वार. शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवारी विद्याकाकू सगळ्यांसाठी डबा पाठवायच्या. त्या दिवशी वांग्याचं भरीत, भाकऱ्या, ठेचा. पँट्रीत सगळे गोल करून बसले. गुलबानूचं ताट नेहमीसारखं मागच्या स्टोअरमध्ये गेलं.

गुलबानू म्हणजे क्लिनिकची साफसफाई करणारी. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठची, पंचेचाळिशीची, नवरा हुसैनमियाँ तिकडे दूर दुक्म बंदराच्या प्रोजेक्टवर, वर्षातून तीनदा भेटणार. ती स्टोअरमध्ये का जेवते, असं कुणी कुणाला कधी विचारलं नव्हतं. कचऱ्याला हात लावते ना ती, एवढं सगळ्यांच्या मनात असायचं, बोलायची गरज नव्हती. तिचा पेलाही वेगळा. स्टीलचाच, सगळ्यांसारखा, पण बुडाशी लाल ठिपका. नेलपॉलिशचा. आणि तो ठिपका कुणी दिला होता? अस्मितानं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विद्याकाकू हळूच म्हणाल्या, "पेले एकत्र होतात गं, एखादी खूण कर." तिच्या पर्समध्ये बाटली होती, तिनं खूण केली. दोन सेकंदांचं काम. पुन्हा कधी आठवलंही नाही.

त्या दिवशी ताट द्यायला अस्मिताच गेली. गुलबानू एका पायावर भार देऊन उभी होती.

"काय झालं गं पायाला?"

"काय नाय."

"लंगडतेयस की."

गुलबानूनं दाराकडे बघितलं, मग सलवार जरा वर केली. पोटरीवर लाल टिपका, आजूबाजूला सूज. "काल दुपारच्या बांगेच्या टायमाला. काली पिशवी उचलली, पायावर आपटली. आत सुई व्हती. जाडी, रक्त काढायची."

अस्मिता हसलीच आधी. म्हणजे खरंच हसली, कारण तिला वाटलं गुलबानूची काहीतरी गफलत होतेय. "काळ्या पिशवीत सुई कशी असेल? काळीत चहाचे कप आणि कागद."

आता गुलबानू तिच्याकडे बघत राहिली. फार विचित्र बघत राहिली. "बाय, थट्टा करताव काय माजी? रमजानच्या आदीपासून सगला कालीतच जाता. डॉक्टरसाब बोल्ले, पिवली गाडी बंद, खलास. काली पिशवी कर न् मागच्या कुंडीत टाक."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमची तर सही असता," गुलबानू म्हणाली. "तुमाला ठावं हाय, असाच मना वाटला. म्हनून तर मी बोल्ले नाय."

भाकरी ताटात तशीच राहिली. दोघी मागच्या दारानं बाहेर पडल्या. ऑक्टोबर उजाडला तरी दुपारचं ऊन तोंडावर थप्पड मारल्यासारखं. इमारतीमागं बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, मोठी लोखंडी कुंडी. एक बकरी पुठ्ठा चघळत उभी, दोन मांजरं कडेवर. गुलबानूनं लांबूनच एका फाटक्या काळ्या पिशवीकडे बोट दाखवलं.

अस्मितानं वाकून बघितलं.

मिश्यावाली सुई तिच्याकडे बघत होती. जांभळी, रागीट डोळ्यांची. 'सुया आहेत. हात लावू नका.' बरणी फुटलेली, सुया पसरलेल्या, त्यांच्यात लॅबच्या सिरिंजा, रक्ताचा कापूस, कुणाच्या जखमेची पट्टी. आणि बरणीच्या झाकणावर विद्याकाकूंच्या अक्षरात 'वि'. म्हणजे काकांनी स्वतःच्या बायकोच्या सुया. म्हणजे स्वतःच्या मुलीची चिठ्ठी. म्हणजे तिनं दारोदार हिंडून, हसून, गोड बोलून गोळा केलेलं सगळंच्या सगळं इथे. लोकांनी घरी ठेवलं असतं तर निदान एका जागी तरी राहिलं असतं! तिनं ते सव्वीस घरांतून उचलून बकरीच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं.

ती आत धावली. लांब चिमटा, जाड हातमोजे, पिवळा ड्रम. गुलबानू मदतीला वाकली तशी अस्मिता ओरडलीच, "तू नाही, तू लांब उभी राहा!" आधी मोबाइलवर फोटो, मग एकेक करून सात बरण्या बाहेर. सुट्या सुया मिळतील तेवढ्या. ड्रम स्टोअरमध्ये ओढत नेला, कुलूप घातलं, चावी खिशात. मग टेबलाशी येऊन रजिस्टर उघडलं आणि रमजानच्या आधीपासून मोजत आली. एकतीस गुरुवार. एकतीस सह्या. सगळ्या कशा छान, वळणदार.

काका केबिनमध्ये संत्रं सोलत बसले होते.

"काका, गुलबानूला सुई टोचली."

"अरेरे. टीटीचं इंजेक्शन दे तिला. कधी?"

"काल. काळ्या पिशवीतली."

सालीची लांब पट्टी मध्येच तुटली. काकांनी ती नीट बशीत ठेवली. "दार लावून घे. बस."

ती बसली नाही.

"त्या कंपनीचा करार संपला," काका म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात, पेशंटला रिपोर्ट समजावून सांगतात तसं. "नवा करायचा राहिला. एक महिना गेला, दोन गेले. काही झालं का? नाही झालं. मग राहूनच गेलं. होतं असं. करणार आहे मी, यल्ला, चला, या महिन्यात करूनच टाकतो."

"पण तुम्ही मला दर गुरुवारी सांगायचात, गाडी आली म्हणून."

"मी?" काकांनी खरंच आठवल्यासारखं केलं. "गाडी आली असं मी कधी म्हटलं? मी म्हणायचो, सही करून टाक. आठव बरं."

तिनं आठवलं. आणि सांगू का, तेच तर सगळ्यात वाईट होतं. काका खरं बोलत होते. एकतीस गुरुवारांत एकदाही ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी शब्द मोजून वापरले होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं की एक दिवस ही मुलगी समोर उभी राहणार आहे.

"सही तुझी आहे बाळा," ते हळूच म्हणाले. "माझी एकही नाही. म्हणून सांगतो, डोकं शांत ठेव. आपण असं लिहू, की गुलबानूकडून पिशव्यांची अदलाबदल झाली. चुकून. शिकलेली नाही बिचारी. तिला तिकीट काढून देतो, दोन महिने गावी राहील. हुसैनमियाँशी मी बोलतो फोनवर."

"तिचं रक्त तपासायला हवं. ती सुई कुणाची होती, काही माहीत नाही. कावीळ, एचआयव्ही... औषध लगेच सुरू करायला हवं. बहात्तर तासांनंतर उपयोग नाही, तुम्हीच शिकवलंत मला."

"इथे तपासलं की नोंद होते. बाहेर पाठवलं की विचारणा होते. शनिवारी बघू. इन्शाल्ला काही होत नाही."

"शनिवारी दुपारच्या बांगेला बहात्तर तास होतात, काका."

काकांनी संत्र्याची एक फोड तिच्यापुढे धरली. लहानपणी सुट्टीला मस्कतला आली की धरायचे तशीच, शिरा काढून. "खा. आणि स्टोअरची चावी दे."

"घरी राहिली," अस्मिता म्हणाली. आयुष्यात काकांशी बोललेलं पहिलं खोटं.

ती घरी गेली. कुठे जाणार दुसरीकडे? तेच घर होतं. विद्याकाकू जेवणाआधीचं इन्सुलिन घेत होत्या. सुई काढून त्यांनी नव्या बरणीत टाकली, झाकण लावलं, आणि अस्मितानं एका दमात सगळं सांगून टाकलं. कुंडी, बरणी, झाकणावरचा 'वि', सगळं.

काकू झाकण पिळत राहिल्या. घट्ट बसलं होतं तरी पिळत राहिल्या.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"गाडीसाठी थांबायचे तेव्हा गुरुवारी फिरून यायला साडेसहा व्हायचे. रमजानपासून पावणेसहाला चहाला हजर. चहा मी करते. मला कळायचं नाही?"

"मग विचारलं का नाहीत, काकू?"

"विचारलं असतं तर कळलं असतं गं," काकू म्हणाल्या. जणू यात समजावून सांगण्यासारखं काही नाहीच. मग जवळ येऊन तिचा दंड धरला. "ऐक. ते सांगतात तसं कर. तुझी सही आहे, तुझं लग्न व्हायचंय, पोलिसाबिलिसांचं लचांड नको. गुलबानूचं काय, जाईल गावी, चार दिवस आराम होईल तिला. तिचं काय एवढं."

तिचं काय एवढं! काकू, ज्यांनी ताप आला तेव्हा अस्मिताच्या उशाशी रात्रभर बसून पट्ट्या बदलल्या होत्या, त्याच काकू.

इरा शाळेच्या युनिफॉर्ममध्येच स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. "अस्मिताताई," ती शब्द शोधत म्हणाली, "गुलबानू आंटीनं माझी चिठ्ठी... रीड नाही केली?"

"केली गं."

"मग हात का लावला?"

"आम्ही लावायला सांगितला म्हणून."

इरा आईकडे बघायला लागली. काकूंनी गॅस पेटवला, बंद केला, पुन्हा पेटवला.

अस्मिता पर्स घ्यायला खोलीत गेली. आरशापुढे नेलपॉलिशची बाटली होती, निम्मी भरलेली, लाल. इतका वेळ ती काकांनीच फसवलं, काकांनीच फसवलं असं मनात म्हणत चढ उतरून आली होती... पण आता त्या बाटलीकडे बघताना तिला कळेना, की फसवणारं म्हणून गुलबानूनं कुणाचं नाव घ्यायचं? गुलबानूला वाटलं होतं, ही मुलगी सगळं जाणून सही करते. जाणून हसते, जाणून बरण्या आणते आणि माझ्या हातात देते. आणि तरीही ती सात महिने गप्प राहिली. कारण ठिपकावाल्या पेल्यातून पिणाऱ्या बाईनं कुणाला काय विचारायचं असतं?

चारला ती क्लिनिकमध्ये परत आली. गुलबानू स्टोअरबाहेर स्टुलावर बसलेली, दंडावर कापसाचा बोळा. टीटी देऊन झालं होतं. मांडीवर एक कागद.

"डॉक्टरसाब बोल्ले सही कर. मी बोल्ले, चष्मा घरी ऱ्हायला."

"तुला चष्मा कुठाय?"

"नाय ना," गुलबानू म्हणाली. "चौथीपरत शिकलीय मी, बाय. लिवलाय, माज्या चुकीन झाला. मी केली चूक? मी?" एवढा वेळ दाबलेला आवाज आता फुटला. "पुढच्या साली व्हिसाचा मेडिकल हाय माजा. रक्त खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी इमानात बसवतील. मग हुसैनमियाँला काय सांगू? कागद दावू हा?"

अस्मितानं तिचा हात धरला. गुलबानूनं तो सोडवून घेतला. रागानं नाही, सवयीनं. असे हात धरून घ्यायची तिला इथे सवयच नव्हती.

"चल, सरकारी हॉस्पिटलमध्ये. इमर्जन्सीला. आत्ता."

कॉरिडॉरच्या टोकाला काका उभे होते. वेटिंग रूममध्ये दोन पेशंट, म्हणून आवाज खालीच. "चावी मिळाली का गं?"

"माझ्याजवळ आहे. देणार नाही. ड्रम तपासणीवाले येतील त्यांना उघडून देईन."

"अस्मिता. तुझ्या बाबांना काय वाटलं असतं?"

"बाबांनी तुमच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, काका. एक सुई तरी काळ्या पिशवीत टाकली होती त्यांनी?"

काकांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. बोलले तेव्हा मात्र शब्द पुन्हा मोजलेले. "तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे. या दारातून बाहेर गेलीस, तर मग मी तुझा काका नाही."

"ते दुपारीच झालं," ती म्हणाली. आणि मग रडायला आलं, साफ रडायला आलं, पण रजिस्टर काखेत होतं आणि दुसऱ्या हाताला दार ढकलायचं होतं, म्हणून डोळे पुसायचे राहूनच गेले.

टॅक्सीवाल्या ओमानी आजोबांनी आरशातून दोघींकडे बघितलं आणि एसी वाढवला. रुवीच्या सिग्नलला अस्मितानं पाण्याची बाटली पुढं केली. "पी ना थोडं."

गुलबानूनं स्वतःच्या पिशवीतून स्वतःची बाटली काढली. "माजी हाय, बाय." आणि खिडकीबाहेर बघत प्यायली.

अस्मिताला वाटलं होतं, एका बाटलीनं होईल. नाही होत. व्हायलाही नको.

इमर्जन्सीत उमामा नावाची नर्स होती, तरुण, ओमानी, हिंदी फर्डी. किती वाजता टोचली, कुठे टोचली, कसली सुई, झरझर विचारलं. अठ्ठावीस तास झालेत म्हटल्यावर तिनं गुलबानूला सरळ आत नेलं. रक्त घेतलं, गोळ्यांचा पहिला डोस समोर उभं राहून गिळायला लावला. "अट्ठाईस दिन, एक भी मिस नहीं. फिर छह हफ्ते बाद टेस्ट, फिर तीन महीने बाद. अच्छा किया आज आईं." वापरलेली सुई तिनं भिंतीवरच्या पिवळ्या डब्यात टाकली. टक् असा आवाज आला. अस्मिता त्या डब्याकडे बघतच राहिली. तीन महिने. तीन महिने गुलबानूला रोज रात्री झोपताना तो लाल टिपका आठवणार होता, आणि डब्याचं काम एवढंसं होतं. टक्.

मग उमामानं एक फॉर्म पुढं केला. अरबी आणि इंग्रजी, चार पानं. "ये इंसिडेंट रिपोर्ट. आगे हेल्थवाले जाँच करेंगे. कचरा किसके चार्ज में था?"

"माझ्या," अस्मिता म्हणाली. मग भानावर येऊन हिंदीत, "मेरे. रजिस्टर पे साइन मेरा है. इकत्तीस बार. गाड़ी एक बार भी नहीं आई."

उमामानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "तुमको मालूम है ना, ये लिखोगी तो तुमसे भी पूछेंगे?"

"मालूम है."

तिला दिसत होतं सगळं. उद्या कदाचित मागच्या खोलीतून सामान हलवावं लागेल. कदाचित परवा व्हिसा जाईल. आणि त्याआधी निळी बॅग न घेता ती सव्वीस दारं पुन्हा वाजवायची आहेत. दयानंद आजोबांपासून सुरुवात करून प्रत्येकाला सांगायचं आहे, की तुम्ही विश्वासानं दिलेल्या सुया मी कुंडीत टाकल्या, न बघता. आजोबांनी विचारलं होतं, बघितलीस का भट्टी म्हणून. एकटेच होते विचारणारे, आणि त्यांनाही तिनं हसून गप्प केलं होतं. कुणी दार तोंडावर आपटेल, कुणी शिरीषकाकांची बाजू घेईल, मंडळातून फोन येतील की आपल्या माणसाची अशी बदनामी करतात का. येऊ देत. ती एकच गोष्ट विचारणार होती सगळ्यांना: तुमच्या घरातून जे बाहेर पडतं, ते कुणाच्या हातात पडतं, हे शेवटचं कधी बघितलंत?

उमामानं रकाने भरून फॉर्म पुढं सरकवला, तसं अस्मितानं पेन उघडलं. चौथ्या पानावर, सहीच्या रेघेवर टेकवलं.

"थांबा."

गुलबानू दंड दाबत बाजूला येऊन उभी होती. चेहरा थकलेला, डोळे मात्र थेट. तिनं अस्मिताच्या हाताखालून तो फॉर्म ओढला, उलटा केला आणि पहिलं पान वर ठेवलं.

"काय लिवलाय ते वाचा आदी," ती म्हणाली. "सगला. मराठीत. मना ऐकू येल असा वाचा. मग करा सही."

मागे रांग होती, उमामाचा फोन वाजत होता. उमामानं तो उचलला नाही. गुलबानूनं खुर्ची ओढली आणि अस्मिताच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसली, कागदावर नजर ठेवून.

अस्मितानं पेनाला टोपण लावलं, आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.